हातच्याचं गणित : आवाजाचे आकडे करणारी चिप

बिद्रीत तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर चिपवर बोलणार म्हटल्यावर काही जण मजा बघायलाच आले असतील. हरकत नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही. पण एका कॅसेटनं मला या विषयात ओढलं, आणि एकदा शिरल्यावर कळलं की ही चिप जे करते तो आमच्याच खात्यातला जुना प्रश्न आहे. ढोबळ साधन हातात असताना बारीक ज्ञान कसं मिळवायचं, हा तो प्रश्न.

आधी कॅसेटची गोष्ट सांगतो. १९८६ साली मी आईला जात्यावर बसवलं. गावात गिरणी केव्हाच आली होती, जातं कोपऱ्यात पडलं होतं. मुद्दाम दोन पायली जोंधळे घेतले, शेजारची एक काकू जोडीला बसवली आणि समोर टेपरेकॉर्डर ठेवला. दोन कॅसेटी भरल्या. दोन वर्षांनी वडील गेले आणि त्यानंतर आई काही गायली नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी पहिली कॅसेट मी शहरातल्या एका दुकानात सीडी करायला दिली. सीडी मिळाली. कॅसेट मात्र परत आली ती फीत ओढली गेलेली, वाजण्यापलीकडची. सीडी ऐकली तर ओव्या कळत होत्या, पण आई टेलिफोनवरून गातेय असं वाटत होतं. दुकानदारानं जागा वाचवायला सेकंदाला ८,००० नमुन्यांवर उतरवून घेतलं होतं. दुसरी कॅसेट माझ्याकडं राहिली होती. गेल्या वर्षी पुतण्याच्या मुलानं ती चांगल्या यंत्रावर उतरवली. कानाला लावली आणि मी उठून उभा राहिलो. त्यात बांगड्या वाजत होत्या. खुंटा फिरवताना प्रत्येक फेऱ्याला काचेच्या बांगड्यांचा आवाज. वडील गेल्यावर तो आवाज आमच्या घरातून गेला होता. पहिल्या कॅसेटमध्येही तो असणारच. पण तो आता जगात कुठंच नाही.

आई तीच, रेकॉर्डर तोच, दिवस तोच. मग फरक कुठं पडला? याचं उत्तर म्हणजे आजचं व्याख्यान.

नमुने घेणं म्हणजे काय

आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. मायक्रोफोन त्याचा विजेचा चढउतार करतो. तो सलग असतो, नदीसारखा. संगणकाला सलग काही कळत नाही, त्याला आकडे लागतात. म्हणून ठरावीक वेळानं विजेची उंची मोजायची आणि लिहून ठेवायची. हे काम करणारी चिप म्हणजे अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर. तुमच्या मोबाईलमध्ये ती आहे, या माईकच्या पुढं कुठंतरी ती आहे.

दोन प्रश्न येतात : किती वेळा मोजायचं आणि किती बारीक मोजायचं?

पहिल्याचं उत्तर नायक्विस्टनं १९२८ मध्ये आणि शॅननं १९४९ मध्ये दिलं. जितकी उंच कंपनं पकडायची आहेत, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजा. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने ठरले. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपमुळं आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओच्या फितीवर साठवत. एका ओळीत ३ नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० अर्धी चित्रं. गुणाकार करून बघा, ४४,१०० येतात.

पण दुपटीपेक्षा कमी वेळा मोजलं तर? कोल्हापूर हे सिनेमाचं गाव, प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच निघाली. तेव्हा हे उदाहरण तुम्हाला घरचंच. पडद्यावर गाडी पुढं पळते आणि चाकाचे आरे उलटे फिरताना दिसतात. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रं घेतो, आरे त्याहून वेगानं सरकतात, आणि डोळ्याला खोटी गती दिसते. आवाजातही असंच भूत तयार होतं.

मिरजेचा तंबोरा घ्या. षड्ज १३० हर्ट्झचा धरू. जवारी चांगली लागली की त्याचे उपस्वर वरपर्यंत निघतात, दुप्पट, तिप्पट, चाळीसपट. चाळीसपट म्हणजे ५,२०० हर्ट्झ. आता सेकंदाला ८,००० नमुने घेतले, तर ४,००० च्या वरचं काही मावत नाही. पण ते ५,२०० गुपचूप निघून जात नाही. ते दुमडून ८,००० वजा ५,२००, म्हणजे २,८०० वर येऊन बसतं. आणि २,८०० हा १३० च्या पटीत नाही. एकविसावा उपस्वर २,७३० वर आणि बाविसावा २,८६० वर, हे भूत त्यांच्या मध्येच. म्हणजे मिरजेच्या कारागिरानं सुरेल लावलेला तंबोरा आपण यंत्रात बेसूर केला. आणि एकदा मिसळलं की खरा स्वर कुठला, भूत कुठलं, हे सांगता येत नाही.

म्हणून मोजण्याआधी गाळणी लावावी लागते. मर्यादेच्या वरचं सगळं आधीच अडवायचं. माझ्या पहिल्या कॅसेटचं तेच झालं. ८,००० नमुन्यांसाठी ४,००० च्या वरचं सगळं कापलं गेलं. काचेच्या बांगड्यांचा किणकिणाट बहुतेक त्याच्या वरचा. आईच्या 'स' आणि 'श' मधली धारही तिथलीच.

गाळणीची अडचण

आता सीडीचा हिशोब बघू. २०,००० पर्यंत सगळं जाऊ द्यायचं आणि २२,०५० च्या वरचं अडवायचं. मधली पट्टी किती अरुंद! रेझिस्टर, कपॅसिटर, कॉइल लावून इतकी खड्या उताराची गाळणी करायची तर भरपूर भाग लागतात, ते उष्णतेनं आणि वयानं बदलतात, आणि वरच्या पट्टीतल्या स्वरांची वेळ मागंपुढं होते.

दुसरी अडचण बारकाईची. सीडीला १६ बिट, म्हणजे उंचीच्या ६५,५३६ पायऱ्या. जुन्या पद्धतीची चिप तराजूसारखं मोजायची. आधी मोठं वजन, मग त्याच्या निम्मं, मग त्याच्या निम्मं, असं सोळा वेळा. पद्धत चांगली आहे, पण सगळ्यात मोठं वजन अचूक हवं. किती अचूक? तर सगळ्यात लहान वजनाच्याही आत त्याची चूक राहिली पाहिजे. मणाचं माप गुंजेइतकं बिनचूक हवं, असं समजा. चिपवरचे रेझिस्टर इतके जुळवायचे म्हणजे लेसरनं एकेक कोरून दुरुस्त करावं लागे. महाग काम.

भरपूर वेळा मोजा

इथं ओव्हरसॅम्पलिंग येतं. गरज ४४,१०० ची असताना त्याच्या ६४ पट वेळा मोजायचं, म्हणजे सेकंदाला २८,२२,४०० वेळा. अशानं पहिली अडचण लगेच हलकी होते. भूत आता अठ्ठावीस लाखांच्या आसपासच्या कंपनांमुळंच तयार होऊ शकतं आणि तिथपर्यंत पोचायला गाळणीला भरपूर अंतर मिळतं. साधा एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर यांचा सौम्य उतारही पुरतो. खड्या उताराची गाळणी लागतेच, पण ती नंतर, आकड्यांवर, गणितानं लावायची. आकडे उष्णतेनं बदलत नाहीत की म्हातारे होत नाहीत.

दुसरी अडचण अजून राहिली. जास्त वेळा मोजून बारकाई वाढते का? आपल्या कारखान्याच्या वजनकाट्याचं उदाहरण घेऊ. समजा काटा १० किलोच्या पायऱ्यांनी दाखवतो. त्यावर ४ किलोची मोळी ठेवली तर तो ० दाखवेल. हजार वेळा ठेवा, हजार वेळा ०. नुसत्या सरासरीनं काही मिळत नाही. पण वाऱ्यानं काटा साधारण एका पायरीइतका हलत असेल, तर दहापैकी चार वेळा १० दिसेल आणि सहा वेळा ०. सरासरी ४. म्हणजे थोडी थरथर असेल तर ढोबळ काटासुद्धा खरं बोलायला लागतो. ऑडिओवाले या मुद्दाम घातलेल्या थरथरीला डिदर म्हणतात.

पण सरासरी फार सावकाश काम करते. चौपट वेळा मोजलं तर कुठं एक बिट वाढतो. फक्त 'कमी' किंवा 'जास्त' एवढंच सांगणाऱ्या एक बिटच्या काट्यावरून १६ बिटला जायचं तर चौपट, पंधरा वेळा. सेकंदाला सुमारे ४७ लाख कोटी नमुने. कुठली चिप असं करणार?

हातचा

आता खरी युक्ती बघा. ती शाळेतल्या मुलालाही कळेल, कारण ती बेरजेतल्या हातच्याची आहे.

समजा तुम्ही गवळ्याला रोज ३० रुपयांचं दूध घेता. तुमच्याकडं फक्त शंभराच्या नोटा आहेत, गवळ्याकडं सुट्टे नाहीत. तुम्ही दोघं ठरवता : देणं ५० किंवा जास्त झालं की एक नोट द्यायची, नाहीतर काही नाही, आणि राहिलेला फरक उद्याच्या हिशोबात धरायचा.

पहिला दिवस, देणं ३०, काही दिलं नाही. दुसरा दिवस, देणं ६०, एक नोट दिली. आता गवळ्याकडं तुमचे ४० जास्त गेले. तिसऱ्या दिवशी त्यातले ३० वळते झाले, अजून १० जास्तच आहेत. चौथ्या दिवशी देणं २०, काही नाही. पाचव्या दिवशी ५०, एक नोट. सहावा, सातवा, आठवा दिवस काही नाही. नवव्या दिवशी देणं ७०, एक नोट. दहाव्या दिवशी हिशोब बरोबर शून्यावर. दहा दिवसांत तीन नोटा, ३०० रुपये. नोट १०० ची, तरी रोजचे ३० रुपये अगदी बरोबर चुकते झाले.

आता नोट दिली तर १ आणि नाही दिली तर ० असं लिहा : ०, १, ०, ०, १, ०, ०, ०, १, ०. चिपच्या आत हेच चाललेलं असतं. येणाऱ्या आवाजातून आधी दिलेलं वजा करायचं, तो फरक म्हणजे डेल्टा. फरक साठवत जायचं, ती बेरीज म्हणजे सिग्मा. बेरीज उंबरठा ओलांडते की नाही, एवढंच एक बिटमध्ये सांगायचं. म्हणून नाव डेल्टा-सिग्मा. काही जण सिग्मा-डेल्टा म्हणतात, आणि त्यावरून अभियंते भांडतात. ते भांडण ऐकून मला आमच्या खात्याची आठवण झाली.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. चूक नाहीशी झालेली नाही. रोजचा हिशोब बघितला तर तो चुकीचाच आहे, कधी ० तर कधी १००, ३० कधीच नाही. पण प्रत्येक चूक पुढच्या दिवशी भरून निघते, म्हणून चूक भराभर वरखाली होत राहते. आवाजाच्या भाषेत सांगायचं तर खरखर वरच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या कंपनांत ढकलली जाते. मग डिजिटल गाळणी तो वरचा भाग कापून टाकते आणि अठ्ठावीस लाख एक-बिटी नोंदींमधून ४४,१०० भरदार आकडे बाहेर काढते. आमच्या आया सुपानं पाखडायच्या, तसंच. हलवून हलवून कोंडा सुपाच्या काठाला आणायचा आणि झटक्यात बाहेर. दाणा मागं राहतो.

फायदा किती? नुसत्या सरासरीत नमुने दुप्पट केले की ३ डेसिबल, म्हणजे अर्धा बिट मिळतो. एक हातचा धरला की दुपटीला दीड बिट. हातच्याचाही हातचा धरला, म्हणजे दोन पातळ्या केल्या, की अडीच बिट. ६४ पट म्हणजे सहा वेळा दुप्पट, म्हणजे कागदावर पंधरा बिट. त्यातून थोडी वजावट होते, म्हणून ऑडिओच्या चिपमध्ये सहसा याहूनही जास्त पातळ्या असतात.

आणि ती अचूक वजनं जुळवायची कटकट? एक बिटमध्ये दोनच पातळ्या. दोन बिंदूंमधून नेहमी सरळ रेषाच जाते, जुळवायचं काही उरत नाही. आजच्या अनेक चिप दोनऐवजी मूठभर पातळ्या वापरतात. त्यांच्यातला लहानमोठेपणा मिटवायला घटक आळीपाळीनं वापरतात, म्हणजे एकाचीच चूक सारखी नडत नाही.

कल्पना आधी, हात नंतर

ही कल्पना कालची नाही. चूक मागं फिरवून वापरण्याचं पेटंट अमेरिकेत कटलरनं १९५४ मध्ये मागितलं. डेल्टा-सिग्मा हे नाव आणि रचना १९६२ साली टोकियो विद्यापीठातल्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी मांडली. पण शेवटची डिजिटल गाळणी बसवायला हजारो ट्रान्झिस्टर लागतात, ते तेव्हा एका चिपवर मावत नव्हते. फिलिप्सनं आपल्या सुरुवातीच्या सीडी प्लेअरमध्ये, उलट्या दिशेनं म्हणजे आकड्यांचा आवाज करताना, १४ बिटच्या चिपला चौपट ओव्हरसॅम्पलिंग आणि हातच्याची जोड देऊन १६ बिटचं काम काढलं. आवाज टिपणाऱ्या डेल्टा-सिग्मा चिप १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या. आज दोनतीनशे रुपयांच्या वस्तूतही त्या असतात.

पण स्वस्त झालं म्हणजे गृहीत धरावं असं नाही. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमध्ये नोबेओका इथं एकेएम कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली. जगभरच्या रेकॉर्डर आणि ऑडिओ इंटरफेस करणाऱ्यांची कामं अडली, कित्येकांना आपली यंत्रं दुसऱ्या चिपसाठी नव्यानं आखावी लागली. आवाज टिपण्याची जगाची ताकद किती थोड्या ठिकाणी साठली आहे, हे तेव्हा दिसलं.

आपल्याकडचं काम

महाराष्ट्रात या तंत्राचा सगळ्यात मोलाचा उपयोग कुठं झाला असं मला विचाराल, तर मी जात्याकडंच बोट दाखवीन. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच अभियंत्याची त्यांना जोड मिळाली आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण डिजिटल ऑडिओ टेपवर झालं. पुढं 'परी' या संकेतस्थळानं ते लोकांपुढं आणलं. लिहिलेली ओवी आणि ऐकलेली ओवी यात काय फरक असतो, ते तिथं जाऊन ऐका. श्वास कुठं घेतला, जात्याच्या फेऱ्यावर शब्द कुठं ओढला, दुसरीनं कुठं सूर धरला, हे कागदावर येत नाही.

आता तत्त्वज्ञानाचं एकच वाक्य बोलतो आणि थांबतो. आमच्या न्यायदर्शनात स्मृतीला प्रमेचा दर्जा नाही. आठवण म्हणजे नवं ज्ञान नव्हे, असं ते म्हणतात. ही चिप बघितल्यावर मला वाटलं, नैयायिकांना एकदा गवळ्याचा हिशोब दाखवायला हवा होता. तिची प्रत्येक साक्ष ढोबळ आहे, होय किंवा नाही. साक्षी हजार असून भागत नाही, ते आपण काट्यावर पाहिलं. काम होतं ते प्रत्येक साक्षीला मागची चूक आठवते म्हणून.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, आमच्याकडं भजनाच्या कॅसेटी आहेत. चांगल्या यंत्रावर उतरवल्या तर आवाज मुळापेक्षा चांगला होईल का?

नाही. फितीवर जे उतरलं नाही ते कुठलीही चिप आणू शकत नाही. कॅसेटची सरसर तीही इमानानं टिपेल. पण फितीवर आहे ते सगळं राहील. त्यासाठी करायचं काय, ते सांगतो. प्लेअरचं हेड आधी स्पिरिटनं पुसा. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो अगदी हळू फिरवून आवाज सगळ्यात उजळ लागतो तिथं ठेवा, प्रत्येक कॅसेटला वेगळा. बांगड्या तिथंच सापडतात किंवा हरवतात. २४ बिट आणि ९६,००० नमुन्यांवर वेव्ह फाइल करा. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारसही तीच आहे, निदान ४८,००० तरी हवेत. तासाला सुमारे २ जीबी जागा लागेल. आज ती स्वस्त आहे.

प्रश्न : कॅसेटला १६ बिट पुरत नाहीत का? २४ कशाला?

प्रश्न रास्त आहे. फितीची सरसर बघता १६ पुष्कळ होतात. २४ चा फायदा असा की पातळी खाली ठेवता येते. काटा पूर्ण वर नेला आणि एखादी तान किंवा टाळ जोरात आला, तर आकडा छताला आपटतो आणि तो भाग कायमचा चिरतो. २४ बिट असतील तर वर १२ डेसिबल मोकळे सोडा, खाली काही बिघडत नाही. आणि एक सांगतो, सरसर काढायचा मोह झाला तर प्रतीवर काढा, मूळ फाइलला हात लावू नका. दोन प्रती घरात, एक दुसऱ्या गावी ठेवा. आणि कॅसेट फेकू नका.

प्रश्न : सर, ती दुसरी कॅसेट आम्हाला ऐकायला मिळेल का?

(थोडं थांबून) मिळेल. आता लाइट आहे तोवर लावू या. सुरुवातीला नुसतं जातं आहे, घाई करू नका. दोन फेऱ्यांनंतर बांगड्या येतात.